जुनी विजेची गाडी कीं नवी?

(नभोवाणीवरील भाषण)

एका विजेच्या मोटारसायकलीवरून दुसरीवर जावें कीं न जावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. शाळामास्तरानें नभोवाणीवरून बोलावयाचें तें मुलांच्या अभ्यासाविषयीं, अशी आपली समजूत असेल. परंतु गेले तीन महिने या एका प्रश्नानें माझ्या घरांत ठाण मांडलें होतें, आणि तो सोडवितांना जें थोडें गणित मला करावें लागलें तें इतरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून मीं हें धाडस केलें आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. यंत्रशास्त्र मला येत नाहीं. मात्र त्रैराशिक मीं जन्मभर शिकविलें आहे, आणि हा प्रश्न बव्हंशीं त्रैराशिकाचाच आहे असें माझ्या अनुभवास आलें.

प्रथम परिस्थिति सांगतों. माझें गांव कळंब तालुक्यांत. दोन वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, आणि तेव्हांपासून आठवड्यांतून तीन वेळां तिला डायलिसिससाठीं यवतमाळीं न्यावें लागतें. दर खेपेस चार तास. आमच्या दारापासून रुग्णालय २७ किलोमीटर. जाऊन-येऊन ५४, आणि औषधांचा व भाजीचा फेरा धरून ५७. गांवास एस. टी. येते, पण तिची वेळ आणि रुग्णालयाची वेळ यांचा मेळ बसत नाहीं. चारचाकी बाळगण्याची ऐपत नाहीं. म्हणून २०२१ सालीं घेतलेली विजेची मोटारसायकल हेंच आमचें वाहन. स्कूटर न घेतां मोटारसायकल घेतली ती एवढ्यासाठीं कीं, आमच्या वाटेचे शेवटचे तीन किलोमीटर काळ्या मातीचे आहेत, आणि पावसाळ्यांत त्या चिखलांत लहान चाकांची गाडी रुतून बसते.

गेल्या वैशाखांत एके दिवशीं परत येतांना ही गाडी गांव चार किलोमीटर राहिलें असतां बंद पडली. बॅटरी संपली होती. डायलिसिस झाल्यानंतर रोग्यास जो थकवा येतो तो ज्यांनीं पाहिला आहे त्यांनाच कळेल. पत्नी रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसली, आणि मी गाडी धरून उभा राहिलों. अर्ध्या तासानें शेतावरून परतणारी एक बैलगाडी आली. तींत तिला निजवून आम्ही घरीं पोंचलों. ती कांहींच बोलली नाहीं. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

माझा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. त्यानें ही हकीकत ऐकली आणि दुसरेच दिवशीं दूरध्वनीवरून सांगितलें, "बाबा, आतां जुनी गाडी काढून टाका. नवी मोठ्या बॅटरीची घ्या. पैसे मी पाठवितों." मुलाचा हा जिव्हाळा पाहून कोणत्या बापास बरें वाटणार नाहीं? आम्ही उभयतां दुकानांत जाऊन नवी गाडी पाहून आलों. तिची बॅटरी ४ किलोवॉट-तासांची, म्हणजे साध्या भाषेंत तींत चार युनिट वीज मावते. आमच्या जुनीची सव्वातीन युनिटांची. नवीची किंमत सर्व खर्च धरून एक लाख साठ हजार रुपये. जुनीचे पंचवीस हजार वजा होणार. म्हणजे पदरचे एक लाख पस्तीस हजार. विक्रेत्यानें सांगितलें कीं, सरकारी सवलत फार दिवस राहणार नाहीं, तेव्हां त्वरा करावी.

येथें मी थांबलों. मोठ्या रकमेच्या बाबतींत कोणी त्वरा करावयास सांगितलें म्हणजे पाटी-पेन्सिल काढावी, ही माझी जुनी संवय आहे. सवलतीची हकीकत अशी आहे. केंद्र सरकारनें जून २०२१ पासून विजेच्या दुचाकीस प्रति किलोवॉट-तास १५,००० रुपये साह्य ठेविलें होतें. जून २०२३ मध्यें तें १०,००० वर आलें, एप्रिल २०२४ मध्यें ५,००० वर, आणि एप्रिल २०२५ पासून २,५०० वर. याचा अर्थ, चार युनिटांच्या गाडीवर २०२५ च्या दरानें, गाडीमागें ठरविलेली कमाल मर्यादा धरून, मिळणारें साह्य पांच हजार रुपयांचें. एक लाख पस्तीस हजार खर्च करावेत कीं नाहीं हें पांच हजारांनीं ठरवावयाचें नसतें. सवलत हें खरेदीचें कारण होऊं शकत नाहीं. गरज ठरल्यावर मिळाली तर ती घ्यावी, इतकेंच.

मग दुसरा प्रश्न: नवी घेतल्यानें पैसे वांचतील काय? पुष्कळांची येथेंच चूक होते. पेट्रोलच्या गाडीवरून विजेच्या गाडीवर येतांना बचत होते ही गोष्ट खरी. महिन्यास आमच्या तेरा खेपा, म्हणजे सुमारें ७४० किलोमीटर. पेट्रोलची गाडी लिटरला ५० किलोमीटर जाते असें धरलें, तर पंधरा लिटर लागेल. लिटरचा दर १०५ रुपये धरल्यास पंधराशें पंच्याहत्तर रुपये. विजेच्या गाडीस, चार्जरमध्यें होणारी घट धरून, पंचवीस किलोमीटरांस एक युनिट लागतें. म्हणजे तीस युनिट. युनिटास दहा रुपये धरले तर तीनशें रुपये. दरमहा पावणेतेराशें रुपयांचा फरक. परंतु ही बचत मीं २०२१ सालींच पदरांत पाडून घेतली आहे! एका विजेच्या गाडीवरून दुसरीवर जातांना ती दुसऱ्यांदां मिळत नाहीं. उलट नवी गाडी वजनानें तीस किलो अधिक. ती महिन्यास तीन-चार युनिट जास्तच खाईल. तेव्हां नव्या गाडीनें केवळ गरजेच्या बळावर आपली किंमत सिद्ध केली पाहिजे. बचतीची साक्ष तिला काढतां येत नाहीं.

आतां गरज. नव्या गाडीच्या पत्रकांत एका भरणींत १८० किलोमीटर असा आंकडा छापलेला आहे. दुरून डोंगर साजरे, ही म्हण या आंकड्यास लागू पडते. तो आंकडा खोटा असतो असें मी म्हणत नाहीं. तो ज्या चांचणींतून निघतो ती आपल्या रस्त्यासारखी नसते. आपल्या देशांतील त्या चांचणींत वाहनाचा कमाल वेग ताशीं ४२ किलोमीटर असतो. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ४० ऐवजीं ६० नें गेलें तर वेग दीडपट होतो, पण हवेचा अडसर सव्वादोन पट. म्हणून पत्रकांतील आंकडा आणि प्रत्यक्ष चाल यांत मोठें अंतर पडतें. दोघे बसून, साधारण वेगानें, ती नवी गाडी ११० किलोमीटर जाईल असा हिशोब मीं धरला.

आणि जुनी? ती किती जाते हें मला नक्की ठाऊक नव्हतें, ही लाजेची गोष्ट कबूल केली पाहिजे. पांच वर्षें जिच्यावर बसलों तिची मोजणी मीं कधीं केली नव्हती. म्हणून दोन रविवार मीं त्या कामीं घालविले. पुतण्यास मागें बसविलें, बॅटरी पूर्ण भरली, आणि पहिल्या रविवारीं ताशीं ४५ च्या वर न जातां गाडी चालविली. ती ७६ किलोमीटर गेली. दुसऱ्या रविवारीं ताशीं ६० नें चालविली. ती ५८ किलोमीटरांवर थांबली. नवी होती तेव्हां ही शंभर जात असे.

हे दोन आंकडे वहींत शेजारीं शेजारीं लिहिले आणि वैशाखांतला तो प्रसंग लख्ख उलगडला. आदल्या रात्रीं वीज गेली होती. सकाळीं बॅटरी ९२ टक्केच भरलेली होती. संध्याकाळीं अंधार पडण्याच्या आंत घरीं पोंचावें म्हणून, आणि सकाळीं उशीर झाला म्हणूनहि, मीं दोन्ही वेळां गाडी साठीनें पिटाळली होती. ५८ चे ९२ टक्के म्हणजे ५३. जावयाचें होतें ५७. चार किलोमीटर कमी पडणें हें विधिलिखितच होतें! त्या दिवशीं मीं ४५ नें चाललों असतों तर ९२ टक्क्यांतहि जवळजवळ सत्तर किलोमीटर गेलों असतों. दोष गाडीचा नव्हता, वयाचाहि नव्हता. तो माझ्या मुठीचा होता. हें समजलें तेव्हां मला समाधान झालें असें मात्र कोणी समजूं नये.

मुलानें आणखी एक शंका काढली होती. यवतमाळ सुमारें ४४५ मीटर उंचीवर वसलेलें. जातांनाचा चढ जुन्या बॅटरीचा जीव घेत असेल, असें त्याचें म्हणणें. याहि शंकेस गणितानें उत्तर मिळतें. गाडी आणि आम्ही दोघे मिळून २४० किलो वजन. तें शंभर मीटर उंच चढविण्यास अवघे ०.०६५ युनिट पुरे. मोटारींतील घट धरून ०.०८ म्हणा. इतक्या विजेंत गाडी सपाटीवर दोन-अडीच किलोमीटर जाते. म्हणजे शंभर मीटरांचा चढ हा दोन-अडीच किलोमीटरांच्या जादा वाटेइतकाच. चढाची भीति वाटते, पण बॅटरी खातो तो वेग.

यानंतर मीं तीन मार्ग मांडले. एक, नवी गाडी: एक लाख पस्तीस हजार. दोन, जुनीस नवी बॅटरी: साठ हजार. तीन, आहे तेंच नीट वापरणें. या तिसऱ्या मार्गाकडे मीं प्रथम लक्षच दिलें नव्हतें, कारण त्यांत एक अडचण होती, आणि ती यंत्राची नव्हती.

अडचण अशी. डायलिसिसला चार तास लागतात. त्या चार तासांत गाडीची बॅटरी यवतमाळींच भरून घेतां आली, तर परतीचा प्रश्नच उरत नाहीं. जातांना खर्ची पडलेला एक-तृतीयांश भाग तेवढ्या वेळांत सहज भरतो. आमच्या गाडीची बॅटरी काढून हातांत नेतां येते. पाहिजे काय, तर जवळपास एक प्लग. रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें दुकान आहे, हें मला पहिल्या दिवसापासून माहीत होतें. पण ज्यास मीं छडीच्या धाकानें पाढे शिकविले त्याच्या दारांत जाऊन वीज मागावयाची, हें माझ्यानें होईना. श्रोतेहो, विचार करा: ती लाज टाळण्यासाठीं मी मुलाचे एक लाख पस्तीस हजार रुपये खर्चावयास निघालों होतों.

शेवटीं गेलों. त्यानें माझें बोलणें पुरतें ऐकूनहि घेतलें नाहीं. "गुरुजी, हे का इचाराची गोष्ट हाये?" असें म्हणून बॅटरी माझ्या हातांतून घेतली आणि आंत सावलींत नेऊन लावली. दर खेपेस सव्वा युनिट लागतें. त्याचे पैसे तो घेईना. तेव्हां असें ठरलें कीं, त्याची मुलगी आठवींत आहे, तिला मीं त्या वेळांत गणित शिकवावें. पूर्वीं ते चार तास मी रुग्णालयाच्या बांकावर बसून काढीत असें. पत्नीनेंच मला पिटाळलें, म्हणाली, "माझ्या तोंडाकडे पाहत बसून काय करणार? जा, शिकवून या."

येथें नव्या गाडीविषयीं एक गोष्ट लक्षांत आली. तिची बॅटरी गाडींत कायमची बसविलेली आहे. भरावयाची तर गाडीच प्लगपाशीं न्यावी लागते. मे महिन्यांत आपल्या जिल्ह्यांत पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. अशा वेळीं गाडी उन्हांत उभी करून बॅटरी भरणें म्हणजे तिचें आयुष्य आपल्या हातानें कमी करणें. लिथियमच्या बॅटरीस उष्णतेसारखा शत्रु नाहीं. लांबून आल्यावर लगेच भरूं नये, थोडी निवूं द्यावी. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यांत दिवसेंदिवस तशीच ठेवूं नये. आणि रात्रीं निजावयाच्या खोलींत किंवा दाराच्या वाटेंत ती भरावयास लावूं नये. २०२२ मध्यें कांहीं विजेच्या दुचाकींस आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे कडक नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं लागू झाले. आमची गाडी त्यापूर्वींची. म्हणून आम्ही ही काळजी अधिकच घेतों. नव्या गाडीच्या बाजूनें हा एक खरा मुद्दा आहे आणि तो मीं वहींत तिच्या खात्यावर जमा धरला आहे.

जुन्या यंत्राविषयीं बोलतांना यवतमाळच्या माणसास शकुंतला आगगाडी आठवल्यावांचून राहत नाहीं. कापूस वाहून नेण्यासाठीं घातलेल्या, यवतमाळ ते मूर्तिजापूर या अरुंद रुळांच्या मार्गावर मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत धांवत होतें. तरुणपणीं मीं तें पाहिलें आहे. तें सत्तर वर्षें चाललें तें जुनें तें सोनें म्हणून नव्हे. त्याचा प्रत्येक खिळा ओळखणारे कारागीर होते म्हणून. पुढें त्याच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें, आणि कालांतरानें गाडीच थांबली. यंत्राचें वय विचारूं नये; तें दुरुस्त करणारा माणूस किती अंतरावर आहे हें विचारावें. आमच्या जुन्या गाडीचा कारागीर यवतमाळींच आहे. नव्या गाडीचे सुटे भाग नागपुराहून, म्हणजे सुमारें दीडशें किलोमीटरांवरून मागवावे लागतात असें कळलें. आठवड्यांतून तीन दिवस ज्याला गाडी चुकवून चालत नाहीं, त्याच्या दृष्टीनें हा फरक लहान नाहीं.

इतकें सारें गणित झाल्यावर निर्णय केला तो मात्र पत्नीनें, आणि एका वाक्यांत. डायलिसिससाठीं तिच्या डाव्या हाताची शीर शस्त्रक्रियेनें जोडून घेतलेली आहे. त्या हातावर भार द्यावयाचा नाहीं, त्यानें घट्ट धरावयाचें नाहीं. दुकानांत नव्या गाडीवर ती क्षणभर बसली होती. मागची बैठक उंच आणि उतरती, बाजूस धरावयास कांहीं नाहीं. घरीं आल्यावर ती एवढेंच म्हणाली, "जुनीला उजव्या हातानं धरायला दांडी आहे." मीं आणि मुलानें किलोमीटर मोजले, युनिटें मोजलीं, रुपये मोजले, जिच्यासाठीं गाडी घ्यावयाची तिनें बसावयाचें कसें, हें आम्हां दोघांपैकीं एकानेंहि विचारलें नव्हतें.

तर आम्हीं गाडी बदलली नाहीं. परंतु हा निर्णय कायमचा नव्हे. जुनी बॅटरी दरवर्षीं सारखी थोडीथोडीच उतरते असें नाहीं; तिच्या आंतील एखादा घट बिघडला तर ती एकाएकीं दगा देऊं शकते. म्हणून मीं वहींत तीन अटी लिहून ठेविल्या आहेत. दर तीन महिन्यांनीं, शांत वेगानें, ती किती जाते हें मोजावयाचें. साठ किलोमीटरांच्या खालीं आली कीं बदल करावयाचा. एकाएकीं दहा टक्के घट दिसली, तर वाट न पाहतां बदल करावयाचा. आणि गांवांतील रिक्षावाल्याचा नंबर दोघांच्याहि खिशांत ठेवावयाचा. मुलानें पाठविलेले पैसे पोस्टांत ठेविले आहेत. वेळ आली तर प्रथम बॅटरीचा विचार, आणि कारागीर नाहीं म्हणाला तर नव्या गाडीचा. आणि ती घेतलीच, तर प्रथम दांडी बसवून घेऊन मगच.

माझें हें उदाहरण सर्वांनीं जसेंच्या तसें उचलावें असें मी म्हणत नाहीं. ज्याची रोजची चाल शंभर किलोमीटरांची आहे, ज्याच्या गाडीचा कारखाना बंद पडून सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, किंवा ज्याची बॅटरी भरतांना फुगते वा चटका बसण्याइतकी तापते, त्यानें गाडी अवश्य बदलावी. तेथें काटकसर करणें हा शहाणपणा नव्हे. पण बाकीच्यांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं दोन रविवार खर्चून आपली जुनी गाडी किती जाते तें मोजावें, आपल्यास रोज किती जावयाचें आहे तें मोजावें, आणि मागच्या बैठकीवर बसणाऱ्या माणसास विचारावें. या तीन गोष्टी केल्यावर नवी घ्यावीशी वाटली तर ती आनंदानें घ्यावी.

वैशाखांतल्या त्या दिवसानंतर आतां पावसाळा निम्मा सरला आहे. गाडी एकदांहि वाटेंत थांबली नाहीं. मी ताशीं पंचेचाळीसनें जातों. पूर्वींपेक्षां वाटेंत दहा मिनिटें अधिक लागतात; तेवढीं आम्ही घरून लौकर निघतों.